आधी जिल्हा सांगा

(प्रस्तावना)

शिरपूर म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना धुळे जिल्ह्यातलं शिरपूर आठवतं, आणि मालेगाव म्हटलं की नाशिक जिल्ह्यातलं. योगायोग असा की ती दोन्ही गावं मुंबई-आग्रा महामार्गावरची. आमचं शिरपूर वेगळं आणि आमचं मालेगावही वेगळं. आमचं शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथाचं, म्हणून नावामागे 'जैन'. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. यातला शेवटचा शब्द सुटला की उरलेला पत्ता आपोआप आग्रा रोडवर जाऊन बसतो.

एरवी विचारलं तर गावातलं चौथीतलं पोरगंही पूर्ण पत्ता घडाघडा म्हणून दाखवतं. पण बाप ओसरीवर आडवा पडलाय, तोंडाला फेस आलाय, बाया रडतायत, आणि १०८वर पुण्याच्या कंट्रोल रूममधून आवाज येतो, "कुठून बोलताय?" तेव्हा तोंडातून निघतं, "शिरपूर." कोणतं शिरपूर? "अहो मालेगावचं!" आणि वर राग, की एवढं कसं कळत नाही. वाशीम हा शब्द त्याला माहीत नसतो असं नाही. ऐन वेळी तो हाताला लागत नाही, एवढंच.

ही पुस्तिका त्या 'ऐन वेळी'साठी आहे. आपल्या भागातल्या काही सिस्टर, रुग्णवाहिकेवरचे काही डॉक्टर आणि दोन पायलट (१०८च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, विमानाशी त्याचा संबंध पुढे येईलच) यांनी ती जमवली आहे. पुस्तिका म्हणजे खरं तर कार्डांचा जुडगा: साप, फवारणीचं विष, झटके आलेली बाळंतीण, न रडणारं बाळ, अपघात, छातीत दुखणं. प्रस्तावना मी लिहावी, कारण मी निवृत्त आहे आणि माझ्याकडे वेळ आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसरं कारण त्यांना ठाऊक नसावं. ते आता सांगतो.

भादव्यातली संध्याकाळ होती. मी नोकरीत नवा, एका लहानशा आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर. मोटरसायकलवर मधे बसवून दोघांनी एक माणूस आणला. कपाशीवर फवारणी करताना पाठीवरचा पंप गळत होता, आणि दिवसभर गळतच राहिला होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीला स्टेथोस्कोप न लावताही ऐकू येणारी खळखळ. निदानाला दोन मिनिटंही लागली नाहीत. अॅट्रोपिन सुरू केलं. पाच मिनिटांनी छाती पाहायची, ओली असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. छाती कोरडी झाली, नाडी वर आली. मी बाहेर येऊन चहा घेतला.

अर्ध्या तासात छाती पुन्हा ओली. पुन्हा अॅट्रोपिन, पुन्हा कोरडी, पुन्हा ओली. अकरा वाजेपर्यंत कपाटातल्या अँप्युल मोजायची वेळ आली. तेवढ्यात म्हाताऱ्या सिस्टर पाण्याची बादली आणि साबणाची वडी घेऊन आल्या आणि दाराशीच थांबून म्हणाल्या, "सायेब, ह्याच्या अंगावरचे कपडे त तसेच हायेत."

विषानं भिजलेला सदरा त्याच्या पाठीला चिकटलेला होता. मी शिरेतून औषध देत होतो आणि त्याची कातडी सदऱ्यातून विष पीत होती. कपडे काढा, अंग साबणानं धुवा ही या विषबाधेतली अगदी पहिली पायरी. फायनलच्या परीक्षेत हा प्रश्न मला आला होता, मी तो लिहिला होता आणि त्याचे पूर्ण मार्क घेतले होते.

त्या रात्री माणूस वाचला. सकाळी मी सिस्टरांना विचारलं, "तुमच्या लक्षात कधी आलं?" त्या म्हणाल्या, "आणला तवाच. मले वाटलं, तुम्ही मुद्दामच ठेवले असतीन."

त्या एका रात्रीत मी दोन गोष्टी शिकलो, आणि दुसरी समजायला मला पंधरा वर्षं लागली. पहिली म्हणजे माझी विसरभोळी चूक. दुसरी सिस्टरांच्या शेवटच्या वाक्यात आहे.

आधी पहिली. माझी आजी पदराला गाठ मारून ठेवायची. कशासाठी मारली हे पुष्कळदा तीही विसरायची, पण पदर खोचताना गाठ हाताला लागली की हात थांबायचा आणि मग ती आठवत बसायची. गाठीत माहिती काहीच नसते. ती फक्त चालता हात थांबवते. चांगल्या यादीचं काम एवढंच असतं, आणि लोकांना नेमकं हेच पटत नाही. डॉक्टरांना वाटतं, यादी म्हणजे ज्याला येत नाही त्याची कुबडी. उलट आहे. ज्याला येत नाही त्याला यादीचा काडीचा उपयोग नाही. अॅट्रोपिन म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस कार्ड हातात घेऊन काय करणार? यादी ज्याला सगळं येतं त्याच्यासाठी आहे, कारण घाबरल्यावर, दमल्यावर किंवा फार आत्मविश्वास आल्यावर विसरतो तोच. घराबाहेर पडताना आपण गॅस, नळ, कुलूप म्हणतो ते काय गॅस बंद करता येत नाही म्हणून?

विमानाचा संबंध इथे येतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं एक नवं बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. चालवणारा मेजर हिल कसलेला वैमानिक होता. जमिनीवर उभ्या विमानाचे पंख-शेपटीचे भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेली कुलपं काढायची राहून गेली होती. त्या अपघातानंतर वैमानिकांनी जास्त शिक्षण मागितलं नाही. त्यांनी एका कार्डावर मावेल एवढी यादी केली, आणि तेच विमान पुढे दुसऱ्या महायुद्धात बी-१७ म्हणून हजारोंनी उडालं.

ही यादी ऑपरेशन थिएटरमध्ये आणणाऱ्या माणसाची मुळं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहेत, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाशीमहून पुसद ओलांडलं की उमरखेड लागतं. त्या तालुक्यातलं उटी हे डॉ. आत्माराम गावंडे यांचं गाव. ते अमेरिकेत गेले, ओहायोतच सर्जन म्हणून स्थिरावले, आणि आईच्या नावानं उमरखेडला त्यांनी कॉलेज उभं केलं. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार केली आणि दिल्लीपासून सिअॅटलपर्यंत, टांझानियातल्या एका लहान गावासकट, आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९मध्ये निकाल छापून आले: मोठ्या शस्त्रक्रियांनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७वर. 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हे त्यांचं पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीचं.

त्या १९ मुद्द्यांत औषधं, रक्त, मोजलेले बोळे हे सगळं आहेच. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वरवर पोरकट दिसणारा मुद्दा: चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. मग त्या म्हाताऱ्या सिस्टर आठवल्या. ज्या माणसाचं तोंड एकदा उघडलं, तो पुढे गरज पडल्यावर बोलतो. जो आल्यापासून गप्प आहे, तो सदरा पाहूनही गप्पच राहतो आणि मनात म्हणतो, साहेबांनी मुद्दाम ठेवला असेल.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला विमानतळावर जायची गरज नाही, स्टँडवर जावं. एसटी ड्रायव्हर चालवतो. रस्ता त्याला ठाऊक, ब्रेकवर पाय त्याचा. पण गाडी हलते ती कंडक्टरच्या डबल बेलवर. दार लागलं का, म्हातारीचा पाय आत आला का, हे मागून कंडक्टर पाहतो. डबल बेलशिवाय गिअर टाकणाऱ्या ड्रायव्हरला कोणी हुशार म्हणत नाही, आणि बेल वाजवून गाडी थांबवणाऱ्या कंडक्टरला कोणी आगाऊ म्हणत नाही. हुद्द्याचा अपमान वगैरे प्रश्नच येत नाही. ते कामच त्याचं. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर 'वाचणार कोण' अशी एक ओळ आहे, आणि ते नाव कधीच डॉक्टरचं नाही. सिस्टर वाचतील, डॉक्टर करायचं ते करेल, आणि प्रत्येक ओळीला 'झालं' किंवा 'नाही' असं तोंडानं उत्तर देईल. मान डोलावलेली चालणार नाही.

आता भाषेचं. आम्हाला कॉलेजात या विषबाधेसाठी 'डम्बेल्स' शिकवलं. इंग्रजी लक्षणांची आद्याक्षरं: जुलाब, लघवी, बारीक बाहुली, ओली छाती, उलटी, अश्रू, लाळ. परीक्षेला फार छान. पण मराठीत विचार करणाऱ्या सिस्टरला रात्री दोन वाजता आधी इंग्रजी शब्द आठवायचा, मग त्याचं पहिलं अक्षर, मग त्या अक्षराचा अर्थ. आठवणीला मदत म्हणून आणलेली वस्तूच आठवत बसायची. या पुस्तिकेत त्या जागी एका सिस्टरचीच ओळ घेतली आहे: 'सगळीकडून पाणी, बाहुली टाचणी.' सात अक्षरांचं काम चार शब्दांत झालं. खाली दोनच सूचना ठळक आहेत: कपडे काढा, आणि औषधाचा डबा नातेवाइकांना आणायला सांगा. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय तेव्हा चर्चेत आली. प्रत्येक विषाला अॅट्रोपिन लागू पडत नाही, आणि डबा पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

झटक्याच्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याला हातोडी मारल्यावर पाय उडतो का, लघवी तासाला निदान ३० मिली आहे का, श्वास मिनिटाला १६च्या खाली तर नाही ना. कार्डावर एवढंच: 'गुडघा, लघवी, श्वास'. एक जरी नसेल तर सुई थांबवायची. डोळे मिटून म्हणता येतं, कारण तिन्ही शब्द रोजचे आहेत. पाठांतर ही आपली जुनी ताकद. वैद्यकीचे ग्रंथ श्लोकांत बांधले ते पाठ व्हावेत म्हणूनच, आणि आमच्या आजोबांची पिढी पावकी-निमकीवर बाजार करत होती. मात्र पाठांतरात एक खोट आहे: पाढा मधे कोणी तोडला की पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो. आरोग्य केंद्रावर दर मिनिटाला कोणीतरी मधे तोडतं. म्हणून थोडं तोंडात, बाकीचं कागदावर.

आणि कागदाशिवायही होतं, हे विदर्भानंच दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा अडचण अशी होती, की निदान श्वास मोजण्यावर अवलंबून आणि गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी लाकडी चौकटीत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी तारांवर मणी ओवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एका तारेवर पाच हिरवे मणी आणि मग एक लाल. त्याहून मोठ्या बाळासाठी दुसऱ्या तारेवर चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला की न्यूमोनिया. साठ आणि पन्नास हे आकडे त्या मण्यांतच दडलेले आहेत. सुईणीला ते माहीत असायची गरज नाही. मी हे साधन हातात घेऊन बसलो होतो. मणी सरकवताना टक् असा बारीक आवाज होतो, आणि आवाज आला की बाळाच्या पोटावरची नजर न हलवता कळतं की एक दहा पुरे झाले. एवढी बुद्धिमान यादी मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्यात एकही अक्षर नाही.

सापाच्या कार्डावर आम्ही त्याच दिशेनं थोडा प्रयत्न केला आहे. रक्त गोठतंय का हे पाहायची २० मिनिटांची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं, न हलवता ठेवायचं, आणि २० मिनिटांनी तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष रक्तात भिनलंय असं धरायचं. चुका होतात त्या बारीक. नळी प्लॅस्टिकची घेतली जाते. किंवा साबणानं धुतलेली. किंवा, आणि हे सगळ्यात जास्त, रक्त किती वाजता घेतलं तेच कोणाला आठवत नाही. मग कोणी म्हणतं दहा मिनिटं झाली, कोणी म्हणतं अर्धा तास. कार्डावरची सूचना अशी: नळीला चिकटपट्टी लावा, तिच्यावर पेनानं वेळ लिहा, मग रक्त काढा. उलट क्रमानं नाही. खाली आणखी एक ओळ लाल शाईत: सापाच्या लसीचा पहिला थेंब जाण्याआधी अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी आहे का? लसीची रिअॅक्शन आल्यावर अँप्युल फोडायला घेतली तर हात थरथरतात.

इतकं कौतुक केल्यावर यादीच्या दुबळेपणाबद्दल बोललं नाही तर हे प्रचारपत्रक होईल. बाळंतपणासाठीची जागतिक आरोग्य संघटनेची यादी आधी आपल्या शेजारीच, कर्नाटकातल्या एका ग्रामीण प्रसूती केंद्रात तपासली गेली. तिच्या अभ्यासकांत बेळगावचे डॉक्टरही होते. २०१२ साली छापलेला निकाल डोळे दिपवणारा होता: दर बाळंतपणात करायच्या २९ गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत, यादी आल्यावर २५ होऊ लागल्या. मग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर, दीड लाखाहून अधिक बाळंतपणांत तीच यादी मोठ्या प्रमाणावर तपासली: निम्म्या केंद्रांत यादी, निम्म्यांत नेहमीची पद्धत. प्रशिक्षक येऊन शेजारी उभे राहत होते तोवर कामाची पद्धत चांगलीच सुधारली. ते गेल्यावर सुधारणा काहीशी ओसरली. आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर आजार यात २०१७च्या निकालानुसार दोन्ही बाजूंत फरक दिसला नाही. हा निकाल मी दोनदा वाचला. यादी विचारते, 'रक्त उपलब्ध आहे का?' नसेल तर ती रक्त आणून देत नाही. सिझेरियनची सोय पन्नास किलोमीटरवर असेल तर कार्ड ते अंतर कापत नाही. साधनं, माणसं, गाडी या गोष्टी मागायच्याच असतात, आणि त्या मागायच्या ऐवजी यादी भिंतीवर लावून मोकळं होणारं प्रशासन मी पाहिलं आहे.

दुसरा दुबळेपणा आमचा स्वतःचा. एका रुग्णालयात (नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं) मी बाळंतपणाचे केसपेपर तपासत होतो. प्रत्येक यादी पूर्ण भरलेली, एकही चौकोन रिकामा नाही. मग लक्षात आलं की बारा-पंधरा कागदांवरच्या सगळ्या टिका एकाच निळ्या पेनाच्या, एकाच कलानं झुकलेल्या, भराभर वाढत गेलेल्या आहेत, जशी पोरं शाळेत उशीर झाल्यावर शंभर वेळा ओळ लिहितात. ड्यूटी संपताना बसून मारलेल्या. एका कागदावर बाळ रेफर झालेलं आणि त्याच कागदावर 'आईनं पहिल्या तासात पाजलं' यापुढे ठसठशीत टीक. त्या सिस्टरला मी काही बोललो नाही. एका रात्रीत एकटीनं सात बाळंतपणं केली होती तिनं. या पुस्तिकेच्या कार्डांवर टीक मारायला चौकोनच ठेवलेले नाहीत. वाचायचं, उत्तर ऐकायचं, पुढे जायचं. वरिष्ठांना पुरावा लागतो, हे खरं आहे; त्यासाठी केसपेपर आहेच.

कार्डं दोन जातीची आहेत, तेवढं वाचकानं लक्षात घ्यावं. पिवळी कार्डं सकाळची: ऑक्सिजनच्या काट्याकडे बघा, सक्शन चालवून बघा, अॅम्बू बॅग दाबून बघा, लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागतो का बघा. दिव्याचं मुद्दाम लिहिलं आहे. सेल उतरलेला असतो आणि तो उतरलाय हे श्वास बंद पडलेल्या माणसाच्या उघड्या तोंडात पाहताना कळतं. लाल कार्डं हातघाईची. ती आधी करायची आणि मग थांबून वाचायची, कारण रक्त वाहत असताना कोणी वाचत बसू नये. न रडणाऱ्या बाळाला पहिलं मिनिटच काय ते मिळतं. पुसा, मान सरळ करा, पाठ चोळा, श्वास नसेल तर बॅग लावा. ते एक मिनिट हातांचं आहे. कार्ड दुसऱ्या मिनिटाला.

एकच कार्ड घरच्या माणसांसाठी आहे, सगळ्यात पहिलं, फोन करण्याचं. त्यावरून सगळ्यात जास्त वाद झाला. मी नेहमीच्या क्रमानं लिहून दिलं होतं: गाव, तालुका, जिल्हा. एका पायलटनं ते खोडलं. त्याचं म्हणणं, घाबरलेला माणूस पहिला शब्द तेवढा नीट बोलतो, नंतरचे गिळतो. मग जो शब्द सुटला तर गाडी चुकेल तोच पहिला हवा. शाळेतल्या पत्त्याच्या धड्याविरुद्ध आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "सर, धड्यातल्या पत्त्यावर पोस्टमन येते. मले रात्री जा लागते."

मग शिरपुरातच सात-आठ घरांत म्हणून पाहिलं. एका आशाताईच्या सासूबाईंनी दोनदाच ऐकलं आणि तिसऱ्यांदा न अडखळता म्हणून दाखवलं: वाशीम, मालेगाव, शिरपूर जैन. "हे त एसटीच्या पाटीवानी वाटते," म्हणाल्या. कार्डावर ते तसंच छापलं आहे, पाटीसारखं, मोठ्या अक्षरात.